टाय, घाम आणि दोन मिनिटं

प्रश्न: मी जळगावात नुकताच एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून लागलोय. मे महिन्यात टाय लावून दवाखान्याबाहेर तासभर ताटकळतो, आणि आत डॉक्टर दोन मिनिटंही देत नाहीत. काय करू?

उत्तर: कंपनीचा आग्रह नसेल तर टाय सोडाच. आग्रह असेल तर बॅगेत ठेवा, आत जाताना लावा. खानदेशच्या उन्हात कोरडा, इस्त्रीचा सुती शर्ट जास्त कामाचा. एक जादा शर्ट गाडीच्या डिकीत असू द्या. अत्तर मात्र नको, बाकावर दम्याचे पेशंट बसलेले असतात.

कंपाउंडरला नाव सांगून गप्प बसा. लवकर सोडावं म्हणून त्याच्या हातावर काही टेकवू नका. २०२४च्या औषध विपणन संहितेत भेटीसाठी पैसे मोजणंही बसत नाही आणि डॉक्टरांना भेटवस्तू देणंही. सॅम्पलसुद्धा एका डॉक्टरांना एका औषधाची वर्षाला फार तर १२ पाकिटं.

दोन मिनिटांत चार औषधं कोंबता का? एकच सांगा: मात्रा, दुष्परिणाम, पट्टीची किंमत. मी मॅनेजर म्हणून सोबत जायचो तेव्हा दुष्परिणाम गिळून टाकणारी पोरं मला फार खटकायची. डॉक्टरांना ते ठाऊक असतंच की! त्यांची नजर दाराकडे वळली की फोल्डर मिटा आणि उठा.