काड्या पूर्ण, तरी कॉल तुटक

प्रश्न : मी दर आठवड्याला पुण्याहून मुंबईला बसने जाते. फोनवर फाइव्ह-जीच्या सगळ्या काड्या असतात, तरी व्हिडिओ कॉल अडकतो. सिक्स-जी आल्यावर हे थांबेल का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, काड्या फक्त लहरींची ताकद दाखवतात. मी बरीच वर्षं गाडीत फोन आणि मोजणीची यंत्रं ठेवून नेटवर्क तपासलं आहे. ड्राइव्ह टेस्ट म्हणतात त्याला. उभ्या गाडीतल्या काड्यांवर मी कधीच विश्वास ठेवला नाही.

गर्दी आणि टॉवर बदलणं ही कारणं असतातच. पण वेगाचंही एक कारण आहे. लहर फोनपर्यंत थेट येते, तशी कंटेनरवर, कड्यावर आपटूनही येते. या सगळ्यांची बेरीज साधारण अर्ध्या तरंगलांबीत पालटते. फाइव्ह-जीच्या ३.५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात हे अंतर सुमारे ४ सेंटिमीटर. ताशी ८० किलोमीटरने जाणारी बस ते २ मिलिसेकंदांत कापते. मोजलेली स्थिती वापरेपर्यंत शिळी होते. म्हणून डेटाच्या मधेमधे ‘पायलट’ म्हणजे आधीच ठरलेले संकेत पाठवून पुन्हा पुन्हा मोजतात. ते वाढवले तर डेटाची जागा जाते, कमी केले तर अंदाज चुकतो.

आणि ही चूक महागात पडते. लहरीवर बिट चढवण्याच्या सर्वात वेगवान पद्धतींपैकी २५६-क्वाममध्ये एका चिन्हात, म्हणजे लहरीच्या एका ठरलेल्या रूपात, ८ बिट बसतात. ही चिन्हं चौकोनी जाळीत मांडलेली असतात. फेज, म्हणजे लहरीची आवर्तनातली जागा, ४ अंश फिरली तरी जाळीच्या कोपऱ्यातली चिन्हं चुकीची वाचली जातात. क्यूपीएसके ही साधी पद्धत ४५ अंशांच्या आतली चूक सोसते, मात्र बिट दोनच. चुका वाढल्या की नेटवर्क आपणहून या खालच्या पायरीवर येतं. काड्या तशाच राहतात!

जास्त वारंवारतेच्या, म्हणजे वरच्या पट्ट्यांत हे आणखी अवघड. २०२२च्या स्पेक्ट्रम लिलावातल्या २६ गिगाहर्ट्झला तेच अंतर जेमतेम ६ मिलिमीटर. शिवाय लहरींचा झोत अरुंद असतो : एका ओळीत १६ अँटेना असतील तर सुमारे ६ अंश. नेम ३ अंशांनी हुकला की निम्मी ताकद गेली, आणि फोन हातात वळवला तरी नेम हुकतो. सिक्स-जीसाठी १०० गिगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यांचाही अभ्यास चालू आहे. तिथे ऑसिलेटरची, म्हणजे लहर निर्माण करणाऱ्या भागाची, स्वतःची थरथरसुद्धा जास्त जाचते.

तेव्हा निव्वळ नवी पिढी आली म्हणून बसमधला कॉल सुधारणार नाही. कंपन्यांनी वेगाचे आकडे धावत्या गाडीत मोजून जाहीर करावेत, असं मला मनापासून वाटतं. तोवर कॉलमध्ये व्हिडिओचा दर्जा खाली ठेवा. घाटात कॅमेरा बंदच करा. आवाजाला फार थोडे बिट लागतात.