चार तास, पण कशाचे?

यावेळी स्क्रीनबद्दलच इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय बाजूला ठेवलेत.

प्रश्न: फोन रोज चार तास स्क्रीन टाइम दाखवतो. हे डिप्रेशनकडे नेणारं आहे का?

चार तास कशाचे ते आधी सांगा ना. मॅप लावून गाडी चालवली तरी तो आकडा वाढतो, मैत्रिणीशी व्हिडिओ कॉलवर पोटभर गप्पा मारल्या तरी वाढतो आणि पलंगावर पडून रील्स ढकलत बसलं तरी वाढतोच. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली, तर मुलांच्या मनःस्थितीत जो फरक दिसतो त्यातला जेमतेम ०.४ टक्के स्क्रीनच्या वापराशी जोडता आला. म्हणून स्क्रीन निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही, पण सगळे तास एका पोत्यात कोंबले की काहीच कळत नाही हे नक्की. त्यापेक्षा आठवडाभर एक करा, ॲप बंद केलं की कसं वाटतंय त्याचा एकच शब्द वहीत लिहा. मी लिहिलं तेव्हा बहिणीच्या कॉलपुढे 'मस्त' होतं आणि शॉपिंग ॲपपुढे चार दिवस ओळीने 'कसंतरीच', तेही काही विकत न घेता!

प्रश्न: इन्स्टावर मी कधीच काही टाकत नाही, नुसती बघते. तरी फोन ठेवल्यावर मन खट्टू का होतं?

कारण समोरच्याने चाळीस फोटोंतून निवडलेला एक फोटो तुम्ही बघता आणि त्याची तुलना करता स्वतःच्या न विंचरलेल्या केसांशी. हे कुणाचंही होतं. पण नुसतं बघणं वाईट आणि कमेंट करणं चांगलं इतकं सरळसोट गणित नाहीये हं, कुणी बघून बघून विणकाम शिकतं आणि कुणी कमेंटमध्ये भांडून रक्त आटवतं. कोणाचं अकाउंट बघून खट्टू होता ते शोधा आणि म्यूट करा, समोरच्याला कळतही नाही. वेळ कमी करायचा असेल तर २०१८ मधला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला प्रयोग आठवतो, १४३ विद्यार्थी होते, त्यातल्या एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज दहाच मिनिटं. तीन आठवड्यांत त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. गंमत म्हणजे ज्यांच्यावर काहीच बंधन नव्हतं, फक्त वापराची नोंद होत होती, त्यांचीही चिंता आणि 'आपलं काहीतरी राहून जातंय' ही धाकधूक थोडी उतरली. म्हणजे वर सांगितलेली वही अगदीच फुकट नाही!

प्रश्न: स्क्रीनचा निळा उजेड कमी करणारा ब्लू लाइट फिल्टर लावला, तरी झोपायला रात्री दीड वाजतोच.

वाजणारच. उजेडाचा झोपेवरचा परिणाम खोटा नाही, २०१५ च्या एका छोट्या प्रयोगात झोपण्याआधी चार तास ई-रीडरवर वाचणाऱ्यांना झोप लागायला कागदी पुस्तकवाल्यांपेक्षा साधारण दहा मिनिटं जास्त लागली होती. दहा मिनिटं! तुमचा दीड वाजतो तो पुढचा एपिसोड आपोआप सुरू होतो म्हणून, स्क्रीन पिवळी केली तरी कथा तीच राहते ना. ऑटोप्ले बंद करा आणि चार्जर दुसऱ्या खोलीत न्या. अलार्मचं कारण सांगू नका, साधं घड्याळ मिळतं.

प्रश्न: मुलगी सव्वा वर्षाची आहे. परगावच्या आजीशी व्हिडिओ कॉल चालेल का?

खुशाल. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन नको म्हणते, पण त्यातून व्हिडिओ कॉल वगळते. समोरची आजी नातीला उत्तर देते, कार्टून देत नाही. फक्त फोन तुम्ही धरा, नाहीतर आजीला अर्धा तास छताचा पंखाच दिसेल.