सी मध्ये स्वतःच्या नावांना दोन अंडरस्कोअर लावले तर नेमकं काय बिघडतं?

तुम्ही लिहिलंय की सगळे हेडर गार्ड (एकच हेडर फाइल दोनदा आत येऊ नये म्हणून लावलेली अट) आणि मॅक्रो (कंपाइल होण्याआधी ज्यांच्या जागी दुसरा मजकूर बसतो ती नावं) तुम्ही दोन अंडरस्कोअरने सुरू करता, सिस्टिमच्या हेडर्समध्येही तसंच दिसतं, आणि आजवर काही अडलं नाही. मग सीनियर ते बदलायला का सांगतोय?

सिस्टिमची हेडर्स तसं लिहितात कारण ती नावं त्यांचीच आहेत. सीच्या स्टँडर्डनुसार अंडरस्कोअरनंतर लगेच कॅपिटल अक्षर किंवा दुसरा अंडरस्कोअर आला, की ते नाव कंपायलर आणि त्याच्या लायब्ररीसाठी राखीव. कुठेही, अगदी फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबललासुद्धा. नियम मोडला तर अनडिफाइंड बिहेवियर, काय होईल याची स्टँडर्ड हमीच देत नाही, म्हणजे कंपायलरने ओरडायलाच हवं असं नाही. तुमचं आजवर निभावलं ते त्यामुळे.

मी स्वतः यात पडलोय. न वापरलेल्या पॅरामीटरची वॉर्निंग नको म्हणून मी __अनयूज्ड नावाचा मॅक्रो केला होता, किंमत जीसीसी या कंपायलरचं __ॲट्रिब्यूट__((अनयूज्ड)). बीएसडीच्या (मॅकची सिस्टिम ज्या युनिक्स घराण्यातून येते त्याच्या) हेडर्समध्ये तो असतो, त्यामुळे मॅकवर सगळं सुरळीत. लिनक्सवर मात्र फाइलची माहिती देणारं सिस्टिम हेडर जोडलं आणि एरर आल्या त्या माझ्या कोडमध्ये नाही, त्या हेडरमध्ये! त्या काळच्या ग्लिबसीने (लिनक्सवरची सीची स्टँडर्ड लायब्ररी) स्ट्रक्चरमधल्या शिल्लक जागेच्या ॲरेला __अनयूज्ड हेच नाव दिलेलं. माझ्या मॅक्रोने ते नाव पुसलं आणि उरला नुसता चौकटी कंस. अर्धा दिवस मी ग्लिबसीला शिव्या घालत होतो. पुढे त्यांनी ती नावं बदलली, पण चूक माझीच होती.

गंमत म्हणजे कंपायलरवाले आणि लायब्ररीवाले यांचीही आपसात टक्कर होते. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने __ब्लॉक हा शब्द स्वतःच्या विस्तारासाठी घेतला आणि ग्लिबसीत एका फंक्शनच्या पॅरामीटरचं नाव तेच निघालं.

अंडरस्कोअर टाळला म्हणजे सुटलो असंही नाही. लिनक्सवर जीसीसीच्या डीफॉल्ट मोडमध्ये ‘लिनक्स’ (सगळी स्मॉल अक्षरं) हा १ किमतीचा मॅक्रो असतो; त्या नावाचं व्हेरिएबल केलंत तर कंपायलरला ‘इंट १ = ०’ असं दिसतं. सी९९ सारखा काटेकोर मोड दिला की तो मॅक्रो जातो. ८०५१ या मायक्रोकंट्रोलरच्या काही कंपायलरमध्ये ‘डेटा’, ‘कोड’, ‘बिट’ हे चक्क कीवर्ड आहेत. म्हणून नावाला प्रोजेक्टचा छोटा प्रीफिक्स लावा.

__ॲट्रिब्यूट__, __डेक्लस्पेक, __फोर्सइनलाइन ही कंपायलरांची खास मंडळी वापरावी लागतातच, पण ती एकाच हेडरमध्ये कोंडा आणि बाकी कोडमध्ये फक्त तुमचे मॅक्रो दिसू द्या. तिथे कोणता कंपायलर आहे ते पाहताना क्लँगची तपासणी जीसीसीच्या आधी करा, कारण क्लँग स्वतःला जीसीसी म्हणूनही जाहीर करतो. ओळखीचा कंपायलर नसेल तेव्हा काय करायचं हे मॅक्रोगणिक ठरवा. ‘ही अट क्वचितच खरी ठरते’ असा नुसता इशारा असेल तर मॅक्रो रिकामा ठेवा, काही बिघडत नाही. पॅक्ड स्ट्रक्चरला (ज्याच्या सदस्यांमध्ये रिकामी जागा सोडायची नसते) मात्र तसं करू नका. मेमरीतली मांडणी गुपचूप बदलेल. तिथे सरळ #एरर द्या. शिवाय एमएसव्हीसी या मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये पॅकिंग प्रॅग्मानेच (कोडमधून कंपायलरला दिलेल्या सूचनेनेच) होतं, स्ट्रक्चरच्या आधी चालू आणि नंतर बंद, त्यामुळे सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन मॅक्रो लागतील.

जुनी नावं शोधायला क्लँग १३ पासून राखीव नावांची वॉर्निंग आहे, ती वेगळी चालू करावी लागते. आणि हेडर गार्ड बदलताना #इफएनडेफ आणि #डिफाइन दोन्ही ओळी बदला. एक राहिली तर गार्ड असूनही हेडर दोनदा आत येतं.