घोस्ट इमेजिंगला एन्टँगलमेंट लागतंच का?

घोस्ट इमेजिंग म्हणजे वस्तूला न शिवलेल्या प्रकाशातनं तिचं चित्र काढणं, आणि एन्टँगलमेंट म्हणजे दोन कणांमधली घट्ट क्वांटम जोडणी. तर नाही, लागत नाही. पण सुरुवातीला मोठ्या शास्त्रज्ञांनाही लागतं असंच वाटलेलं. 1995 ला अमेरिकेत मेरीलँडमध्ये यानहुआ शिह यांच्या ग्रुपनं फोटॉनच्या (प्रकाशाच्या कणांच्या) एन्टँगल्ड जोड्या वापरल्या, एक फोटॉन वस्तूतनं जाऊन साध्या डिटेक्टरवर, दुसरा वस्तूकडं गेलाच नाही, फक्त जागा सांगतोय, दोन्हीचा मेळ घातला की चित्र उमटतंय. मग 2002 ला रॉचेस्टरला रॉबर्ट बॉयड यांच्या ग्रुपनं साध्या लेझरनं तसंच चित्र काढून दाखवलं.

घरी बघा की, खडेबाजारात मिळतो तो लेझर पॉइंटर घासलेल्या काचेवर मारा (डोळ्यात नको हं), भिंतीवर दाणेदार ठिपके दिसतील, काच हलवली की नाचतील. बीम स्प्लिटरनं (उजेड दोन वाटांना विभागणाऱ्या काचेनं) त्या उजेडाचे दोन भाग केले की दोन्हीकडं ठिपके अगदी सारखे नाचतात, एक भाग वस्तूकडं, दुसरा नुसती जागा सांगायला, आणि एवढ्या कोरिलेशनवर (जुळणीवर) चित्र निघतंय. फक्त मागं नको असलेला उजेड राहतो, त्यामुळं कॉन्ट्रास्ट (उजळ-काळ्यातला फरक) कमी.

मग क्वांटमचं वेगळेपण कुठं? एकाच सोर्सच्या जोड्या जागेत आणि दिशेत दोन्हीकडं इतक्या घट्ट जुळतात की क्लासिकल, म्हणजे एन्टँगलमेंट नसलेल्या साध्या प्रकाशाला तेवढं जमतच नाही. नुसतं चित्र आलं म्हणून क्वांटम म्हणू नका, ही दोन्हीकडची जुळणी मोजून बघा.