पाण्यातून गेलेल्या गाडीची वायरिंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आप्पा, नमस्कार. मी चाळीसगाव तालुक्यात शिक्षक आहे. पावसाळ्यात नदीच्या एका फरशीवरून (ठेंगण्या पुलावरून) कार काढली तेव्हा पाणी दरवाज्याच्या खालच्या काठापर्यंत आलं होतं. गाडी बंद पडली नाही. आत थोडं पाणी आलं, ते पुसून घेतलं. तीन आठवडे काहीच झालं नाही. आता सकाळी चावी फिरवली की एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) आणि स्टिअरिंगचा दिवा लागतो. कधी कधी सेल्फ फिरतो, पण इंजिन उचलत नाही. दुपारी उन्हात उभी केली की सगळं ठीक. गॅरेजवाले म्हणतात, ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटरचा डबा) गेला, नवा टाका. काय करावं?

उत्तर : सर, नवा ईसीएम मागवू नका, निदान आत्ता तरी नको. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे सकाळी बिघाड आणि दुपारी ठीक. जळालेला ईसीएम सकाळ-दुपार असा फरक करत नाही. त्याच्या आत ओल गेली असेल तर करू शकतो, पण ते तपासायची पाळी सगळ्यात शेवटी येते. असा फरक बहुतेक वेळा कपलरमधली, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लगमधली ओल दाखवतो. रात्री दव धरतं, पिनांवरचा गाळ ओला होतो आणि करंट जिथे जायला नको तिथे जातो, किंवा जायला हवा तिथे कमी पोचतो.

तीन आठवडे मधे का गेले, हे नीट समजून घ्या, कारण याच मुद्द्यावर माणसं फसतात. २०२१ च्या ऑगस्टअखेर तुमच्याच चाळीसगावात तितूर आणि डोंगरीचं पाणी शहरात शिरलं होतं. त्या पुरातून निघालेल्या गाड्या माझ्याकडे अमळनेरला अगदी दिवाळीपर्यंत येत होत्या. पाणी ओसरतं, पण आपल्या काळ्या मातीचा बारीक गाळ कपलरच्या रबरी सीलमागे बसून राहतो आणि ओल धरून ठेवतो. चावी बंद असली तरी काही तारांत बॅटरीचा करंट कायम असतो. त्या पिना ओल्या गाळात बसल्या की प्लसकडचं तांबं झिजायला लागतं आणि हिरवी भुकटी जमते. हे एका रात्रीत होत नाही. शिवाय तारेच्या आवरणाखालून, तांब्याच्या बारीक तंतूंमधून पाणी दिव्याच्या वातीतलं तेल चढावं तसं वर चढतं. पाणी पायाशी लागलं आणि बिघाड हातभर वर निघाला, असं म्हणूनच होतं.

सुरुवात कार्पेटपासून करा. वरून कोरडं दिसतं, पण खालचा फोम आठवडेच्या आठवडे ओला राहतो. ड्रायव्हरच्या आणि शेजारच्या पायापाशी दरवाज्याच्या उंबऱ्यावरची पट्टी काढा, कार्पेट उचला आणि हात घालून दाबून पाहा. बऱ्याच गाड्यांत याच बाजूने मागच्या सगळ्या तारा जातात. डॅशबोर्डच्या खाली, बाजूच्या पत्र्याजवळ फ्यूजबॉक्स किंवा बॉडी कंट्रोलचा डबाही असतो. फोम ओला असेल तर सीट काढून, कार्पेट बाहेर काढून वाळवल्याशिवाय पुढचं काहीही टिकणार नाही.

मग बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ च्या खाली असेल तर ती अर्धी रिकामी आहे. सेल्फ मारताना १० च्या खाली फार पडू लागली तर एबीएस आणि स्टिअरिंगचे दिवे केवळ तेवढ्यानेही लागतात. त्यांच्या इलेक्ट्रॉनिक डब्यांना पुरेसं व्होल्टेज मिळालं नाही की ते तक्रार करतात. त्यात त्यांचा दोष नसतो.

त्यानंतर अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी जोडणी, आणि इथे घाई करू नका. मीटर व्होल्टवर लावा. काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, लाल पिन इंजिनच्या स्वच्छ धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. त्या वेळी मीटरवर ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत दिसलं तर चालेल. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसलं तर इंजिनच्या अर्थपट्टीत किंवा तिच्या बोल्टखाली गंज आहे. हेडलाईट, पंखा, काच गरम करणारी वायर सगळं चालू करून बॉडीच्या पत्र्यावर तसंच पाहा. तिथे ०.१ च्या आत हवं. पुष्कळ मुलं मीटर ओहमवर लावून तार तपासतात आणि ‘ठीक आहे’ म्हणून सोडून देतात. तारेतला एकच तंतू शाबूत असला तरी ओहम शून्यच्या जवळ दाखवतो, कारण मीटर त्यातून नावापुरताच करंट सोडतो. लोड, म्हणजे खरा मोठा करंट, आला की तोच तंतू गळपटतो. म्हणून तार लोडवर मोजायची. माझ्या दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी आधी हे शिकवतो, कारण एवढं नीट केलं तर अर्धे ‘गेलेले’ ईसीएम पुन्हा चालू होतात.

आता स्कॅनर, म्हणजे गाडीच्या डब्यांतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. गॅरेजवाल्यांना सांगा, फक्त इंजिनचे नाही, सगळ्या डब्यांचे कोड वाचा आणि पुसण्याआधी कागदावर लिहून घ्या. कोड ‘पी’ने सुरू झाला तर इंजिन-गिअरचा, ‘सी’ने चासीचा, ‘बी’ने बॉडीचा, आणि ‘यू’ने सुरू झाला तर डब्यांचं आपसातलं बोलणं तुटलंय. तीन-चार डबे एकाच डब्याविरुद्ध ‘यू’ कोड देत असतील तर त्या डब्याचा प्लस, अर्थ आणि कपलर पाहायचा. डबा बदलायचा नाही. बोलण्याची लाईन तपासायची तर बॅटरी काढा, थोडा वेळ थांबा आणि स्कॅनरच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. बहुतेक कारमध्ये ६० च्या जवळ यायला हवं, कारण लाईनच्या दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात. १२० आलं तर एका टोकाशी संपर्क तुटलाय, शून्याजवळ आलं तर दोन तारा आपसात भिडल्यात.

सेल्फ फिरतो पण इंजिन उचलत नाही, याचं एक नेहमीचं कारण सांगतो. ईसीएम बऱ्याच सेन्सरांना ५ व्होल्ट देतो, आणि एकाच लाईनवर दोन-तीन सेन्सर असतात. त्यातला खालच्या बाजूचा एखादा पाण्याने शॉर्ट झाला की तो बाकीच्यांचेही ५ व्होल्ट खाली ओढतो. स्कॅनरवर मग चार-पाच सेन्सर एकदम खराब दिसतात आणि मेकॅनिक म्हणतो, एवढे सगळे एकदम कसे जातील, ईसीएमच गेला. एखाद्या सेन्सरच्या कपलरवर मीटर लावून ठेवा, चावी चालू करा आणि बाकीचे सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर मीटर पुन्हा ५ वर येतं, दोषी तो किंवा त्याची तार. ईसीएमचे प्लस, सगळे अर्थ आणि हे ५ व्होल्ट ठीक असूनही तो काम करत नसेल, तरच त्याचं झाकण उघडायची वेळ येते. आणि उघडून ओल किंवा हिरवेपणा दिसला तरी कधी कधी नुसत्या सफाईने तो चालतो.

एबीएससाठी चाकाजवळच्या सेन्सरचे कपलर पाहा, सगळ्यात खाली तेच असतात. पिन हिरवी पडली असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि मऊ ब्रशने घासा. पिन खाल्लेली असेल तर ती बदलाच. तार कापताना आतलं तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे जा. काळपट तांब्याला डाग (सोल्डर) लावलेला सांधा टिकत नाही. सगळं कोरडं झाल्यावर सीलवर डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.

प्रश्न : भाऊ, रावेर तालुक्यातून लिहितोय. केळीच्या लोडिंगसाठी पिकअप आहे. सुकी नदीच्या फरशीवर पाणी असताना भरलेली गाडी काढली. त्यानंतर बॅटरीचा दिवा मधूनच मंद लागतो आणि सकाळी बॅटरी बसलेली असते. नवी बॅटरी घेतली, तीही बसली. इंडिकेटर लावला की मागचा पार्किंग लाईटही लुकलुकतो.

उत्तर : दादा, घड कापून ठेवलेत आणि गाडी सुरू होत नाही, त्या वेळी जीव कसा होतो ते मी जाणतो. तिसरी बॅटरी मात्र घेऊ नका.

इंजिन चालू करून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ च्या मधे यायला हवं. १३ च्या खाली राहत असेल तर अल्टरनेटर कमी चार्ज करतोय. बऱ्याच गाड्यांत तो इंजिनच्या खालच्या बाजूला असतो, पंखा हवेबरोबर गढूळ पाणी आत ओढतो, कार्बन ब्रशमध्ये गाळ अडकतो आणि ब्रश रिंगवर नीट टेकत नाही. मंद दिव्याचं कारण बहुधा हेच. अल्टरनेटर उतरवून, खोलून, धुऊन, वाळवून, ब्रश आणि बेअरिंग पाहून पुन्हा बसवला की पुष्कळदा काम होतं, नवा लागत नाही.

रात्री बॅटरी बसते त्याचंही मूळ तिथेच असू शकतं. अल्टरनेटरमधला एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला की तो चार्जही कमी करतो आणि गाडी बंद असताना उलटा करंटही ओढतो. तपासायला संध्याकाळी आधी बॅटरीची मायनस काढा, मग अल्टरनेटरची जाड तार काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा, मायनस परत लावा. सकाळी बॅटरी भरलेली सापडली तर चोर मिळाला. तार तशी सुटी ठेवून गाडी सुरू मात्र करू नका.

तरीही बॅटरी बसली तर मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मायनसच्या मार्गात घाला, दरवाजे बंद करा, अर्धा तास थांबा आणि मग वाचा. ५० मिलीअँपिअरच्या आत ठीक. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. जास्त दिसलं तर फ्यूज एकेक काढत जा. ज्याच्यावर आकडा पडतो ती लाईन. पाण्यातून गेलेल्या गाडीत रिलेचा (करंट चालू-बंद करणाऱ्या छोट्या स्विचचा) सॉकेट मी नेहमी पाहतो. बंद गाडीत एखादा रिले हाताला कोमट लागला तर तो चिकटलेला आहे.

पार्किंग लाईट लुकलुकण्याचं कारण सोपं आहे. मागच्या दिव्याचा अर्थ तुटलाय, म्हणून इंडिकेटरचा करंट परतीची वाट शोधत पार्किंगच्या बल्बमधून जातो. दिव्यामागचा अर्थ बोल्ट काढा, पत्रा घासून चकचकीत करा, तारेच्या टोकाला नवी लग (धातूची कडी) लावून आवळा. केळीच्या चिकाने आणि चिखलाने तो भाग कायम माखलेला असतो, म्हणून वरून ग्रीस लावा.

प्रश्न : पुराच्या पाण्यातून आलेल्या गाडीचं इंजिन वॉशिंग सेंटरला प्रेशरने धुवावं का? (पाचोरा)

उत्तर : नको. प्रेशरची धार सीलमधून गाळ आत ढकलते. मायनस काढा, इंजिन थंड होऊ द्या, साध्या पाईपच्या हलक्या धारेने चिखल सैल करा आणि कपलर एकेक उघडून वेगळे स्वच्छ करा. वाळवायला साधा पंखा पुरतो. पाणी एअर फिल्टरपर्यंत गेल्याची थोडी जरी शंका असेल, तर सेल्फ अजिबात मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी फिल्टर काढून आतून ओला आहे का ते पाहा, आणि ओला असेल तर गाडी ओढूनच मेकॅनिककडे न्या.

प्रश्न : आप्पा, मी धुळ्याला कॉलेजला आहे. पांझरेकाठच्या रस्त्यावर माझी इलेक्ट्रिक स्कूटर फूटबोर्डच्या वर पाण्यात गेली. बॅटरी आयपी-६७ आहे म्हणतात. आता चार्जिंगला लावू का? स्कूटर चालतेय.

उत्तर : ताई, आज लावू नका. आयपी-६७ चा अर्थ असा, की बॅटरीच्या पेटीत धूळ जात नाही आणि १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं राहिली तरी नुकसान होईल इतकं पाणी आत शिरत नाही. ती चाचणी नव्या पेटीवर, साध्या स्थिर पाण्यात होते. पुराचं पाणी वाहतं असतं, त्यात गाळ असतो, आणि तुमच्या पेटीचं सील दोन उन्हाळे तापलेलं असू शकतं. चार्जिंगचा सॉकेट, कंट्रोलरचे कपलर आणि मोटरच्या तारा यांचा दर्जा पेटीइतकाच असेल असंही नाही.

स्कूटर घरापासून लांब, उघड्यावर, सावलीत उभी करा. जिन्याखाली नको. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून पाणी कुठपर्यंत आलं ते स्पष्ट सांगा आणि इन्सुलेशन मोजून द्या म्हणा. बॅटरीच्या जाड तारांना आणि पेटीला स्वतः हात लावायचा नाही, तिथे शॉर्ट होऊन आग लागू शकते. चार्जिंगच्या सॉकेटमध्ये टॉर्च मारून पाहायला हरकत नाही. पाण्याचा थेंब किंवा मातीचा थर दिसला तर फोटो काढून ठेवा. स्कूटरवर पाण्याची रेघ उमटली असेल तर तिचाही काढा, विम्याच्या माणसाला तो लागतो. धुणं त्यानंतर.