‘बेचिराख’ कोणाला म्हणावं?

देवळालीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. टोकियोवरच्या मार्च १९४५ मधल्या हवाई हल्ल्याविषयी वाचताना त्यांना ‘एका रात्रीत शहर बेचिराख झाले’ असं वाक्य भेटलं. ते विचारतात, “बेइमान, बेफिकीर, बेसुमार यांत ‘बे’ म्हणजे नाही. मग बेचिराख म्हणजे ‘राख नसलेलं’ असा उलटाच अर्थ व्हायला नको का? मधला ‘चि’ कुठून आला? आणि हल्ली बातम्यांत धावपट्टी बेचिराख, पूल बेचिराख असंही येतं, ते चालेल का?”

‘बे’बद्दलचा तुमचा अंदाज अगदी बरोबर आहे. चुकतं ते पुढच्या तोडणीत. शब्द ‘बे-चि-राख’ असा तुटत नाही, ‘बे-चिराख’ असा तुटतो. चिराख म्हणजे फारसीतला चिराग, दिवा. मराठी जिभेवर शेवटच्या ‘ग’चा ‘ख’ झाला आणि शब्दाच्या पोटात आयती ‘राख’ दिसू लागली. बेचिराख म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव. ‘त्या घरात दिवा लावायला कोणी उरलं नाही’ असं आपण म्हणतो, तीच कल्पना एका शब्दात आली आहे.

माझे वडील महसूल खात्यात कारकून होते. सिन्नर आणि दिंडोरी तालुक्यांतल्या गावांच्या याद्या ते घरी आणून तपासत. एखाद्या मौजेच्या नावापुढे ‘बेचिराख’ असा शेरा असे. लहानपणी मला वाटायचं, तिथे मोठी आग लागली असणार. एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, “आग कसली? तिथली बाजरी बघ जाऊन, डोक्याएवढी आलीय.” शिवार आहे, सातबारा आहे, शेजारच्या गावचे लोक येऊन जमीन कसतात, फक्त राहतं घर एकही नाही. दुष्काळाने म्हणा, साथीने म्हणा, विहीर आटली म्हणून म्हणा, माणसं उठून गेली. महसुलाच्या भाषेत हा शब्द आजही त्याच अर्थाने जिवंत आहे आणि त्यात राखेचा कणही नाही.

याचा विरुद्धार्थी शब्द ‘आबाद’, म्हणजे वस्ती असलेलं. आपल्या नाशिकचं मोगलाईतलं नाव गुलशनाबाद, त्यातला आबाद तोच. गाव आबाद असतं किंवा बेचिराख असतं. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं उजाड केलं आणि तिथे गाढवाचा नांगर फिरवला, असं सांगतात. घरं पाडून झाल्यावर वर नांगर कशाला? इथे पुन्हा कोणी चूल मांडू नये म्हणून. बेचिराख करणं म्हणजे नेमकं हे.

आता धावपट्टी आणि पूल. मराठीत नाशासाठी शब्दांची वाण नाही आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. कामातून गेलं ते उद्ध्वस्त. भुईसपाट झालं ते जमीनदोस्त. (यातही ‘दोस्त’ मागाहून शिरला आहे. मूळ शब्द ‘जमींदोज’, जमिनीला शिवलेलं. चिरागची राख झाली तसाच हा प्रकार.) पूल जमीनदोस्त होतो, धावपट्टी उद्ध्वस्त होते. बेचिराख मात्र फक्त वस्तीच होऊ शकते, कारण धावपट्टीवर कोणाच्या घरचा दिवा लागलेला नसतो. तेव्हा ‘धावपट्टी बेचिराख’ ही माझ्या मते सरळ चूक आहे.

हा नुसता शब्दांचा काटेकोरपणा नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानांतून बॉम्ब टाकावेत ते कशावर, या वादात दोन बाजू पडल्या, आणि त्या बरोबर ‘उद्ध्वस्त’ आणि ‘बेचिराख’ याच दोन शब्दांमधल्या फटीत उभ्या होत्या. ब्रिटिश वैमानिक रात्री कारखाने नेमून बॉम्ब टाकायला निघत. ऑगस्ट १९४१ मध्ये विमानांतून काढलेली छायाचित्रं तपासली गेली, तेव्हा दिसलं की लक्ष्यावर बॉम्ब टाकले असं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचली होती. नाशिकरोडचा कारखाना नेमावा आणि बॉम्ब पंचवटीत पडावा, असा हिशेब. मग नेम सुधारण्याची वाट न बघता लक्ष्यच मोठं करण्यात आलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये कारखान्याऐवजी शहरावरच नेम धरण्याचा आदेश निघाला, आणि ३० मार्चला चर्चिल यांचे वैज्ञानिक सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी एक टिपण दिलं: जर्मनीच्या ५८ मोठ्या शहरांवर बॉम्ब टाकत राहिलं तर तिथली एक तृतीयांश जनता घराबाहेर काढता येईल. त्या टिपणात मोजमाप होतं ते राहत्या घरांचं. गावांची ती यादी करून पुढे ‘बेचिराख’ असा शेरा आधीच मारून ठेवण्यासारखं होतं ते. मला आजही ते वाचताना वडिलांच्या याद्या आठवतात आणि अंगावर काटा येतो.

जुलै १९४३ मध्ये हँबुर्गला आगीचं वादळ उठलं, सदतीस-अडतीस हजार माणसं गेली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनला पंचवीस हजारांपर्यंत. टोकियोत ९ मार्चच्या त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं मेली आणि दहा लाख बेघर झाली. तिथे अमेरिकी विमानांनी लाकडी घरांच्या दाट वस्त्या हेरून आग लावणारे बॉम्बच टाकले होते.

याने युद्ध लवकर संपलं का? लोकांचं मनोधैर्य खचेल हा मुख्य दावा होता. तो लंडनमध्ये जर्मनांनी आधीच करून पाहिला होता, सप्टेंबर १९४० पासून मे १९४१ पर्यंत. लंडन खचलं नाही. जर्मन शहरंही उठून सरकारवर चालून गेली नाहीत. उलट जर्मनीचं शस्त्रांचं उत्पादन १९४४ मध्ये, शहरं जळत असताना, सर्वांत जास्त होतं. जर्मनीची नाडी आवळली गेली ती मे १९४४ पासून कृत्रिम तेलाच्या कारखान्यांवर आणि मग रेल्वेवर हल्ले सुरू झाल्यावर. काही महिन्यांत विमानांचं इंधन इतकं घटलं की तयार विमानं जमिनीवर उभी राहिली. म्हणजे ‘उद्ध्वस्त’ने जे साधलं ते ‘बेचिराख’ने साधलं नाही.

दुसरी बाजू सांगायलाच हवी. १९४२ मध्ये ब्रिटनकडे जर्मनीला मारण्याचं दुसरं साधन जवळपास नव्हतं. शहरांच्या रक्षणासाठी जर्मनीला हजारो तोफा आणि लढाऊ विमानं रशियाच्या आघाडीवरून मागे ठेवावी लागली, हेही खरं. आणि त्या ब्रिटिश बॉम्बफेकी दलाचे ५५ हजारांहून जास्त वैमानिक परत आले नाहीत. बहुतेक विशी-बाविशीतली पोरं. देवळालीत राहून तोफांच्या सरावाचे हादरे खिडकीच्या तावदानांना रोज ऐकणाऱ्या तुम्हाला सैनिकाच्या कामाबद्दल मी काय सांगणार? पण घर हेच लक्ष्य ठरवणं मला तरीही मान्य होत नाही. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी ९ फेब्रुवारी १९४४ ला, युद्ध चालू असताना, ब्रिटिश संसदेत उभं राहून हाच भेद मांडला: शहरात शस्त्रांचे कारखाने आहेत म्हणून अख्खं शहर पुसून टाकता येत नाही. तेव्हा ते बोलणं फार थोड्यांना रुचलं. १९७७ च्या जिनीव्हा करारांच्या पुरवणीत हा भेद कलम म्हणून लिहिला गेला.

म्हणून धावपट्टीला ‘बेचिराख’ म्हणू नका असं मी आग्रहाने सांगतो. एकदा धावपट्टी आणि मोहल्ला यांना एकच शब्द लागला की बातमी वाचणाऱ्याला कळणारच नाही, काय पाडलं आणि कोण मेलं.

टोकियोच्या वाक्यात शब्द योग्य आहे, माझी हरकत क्रियापदाला आहे. दुष्काळाने गाव बेचिराख ‘होतं’. तिथे विमानं आली होती, यादी होती, नकाशा होता. ते वाक्य मी असं लिहीन: ‘अमेरिकी विमानांनी एका रात्रीत टोकियोच्या पूर्वेकडच्या वस्त्या बेचिराख केल्या.’