बाळाला दात येताना इतकी लाळ का गळते?

तुमचं बाळ साडेचार महिन्यांचं आहे. दिवसभर लाळेरं बदलून तुम्ही थकलात आणि हिरडीवर अजून दाताचा पत्ता नाही. सासूबाई म्हणतात, डोहाळे पुरले नाहीत म्हणून लाळ गळते. शेजारच्या काकू म्हणतात, दात येतायत. खरं कुणाचं, असं विचारलंय तुम्ही.

मी कोल्हापुरात दातांचा दवाखाना चालवते आणि हा प्रश्न मला दाताच्या तक्रारींइतक्याच वेळा विचारला जातो. काकू उत्तराच्या थोड्या जवळ आहेत, एवढंच. डोहाळ्यांचं म्हणाल तर माझ्या मुलीच्या वेळी चिंचेपासून मिसळीपर्यंत मागेल ते मिळालं होतं, तरी ती दीड वर्षाची होईपर्यंत गळत होती.

लाळ आधी सुरू होते, दात मागाहून येतात. कानाखाली, जबड्याखाली आणि जिभेखाली लाळेच्या ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून त्या जोरात कामाला लागतात. पहिला दात मात्र बहुतेक बाळांना सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, तोही सहसा खालच्या मधल्या दोनांपैकी. कुणाला चौथ्या महिन्यातच दिसतो, कुणाचा पहिला वाढदिवस आला तरी बोळकंच असतं. दोन्ही ठीक. लाळ आणि दात असे लागोपाठ आल्यामुळे सगळं खापर दातावर फुटतं.

पण लाळ झाली म्हणून ती बाहेर का यावी? मोठ्या माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, आणि आपण ती नकळत गिळत राहतो. बाळाला दूध ओढून गिळणं जमतं, कारण ते जन्मतःच येतं. तोंडात साठलेली लाळ जिभेने मागे नेऊन, ओठ मिटून गिळणं मात्र शिकावं लागतं. शिवाय मान पुढे झुकलेली, तोंड उघडं आणि समोर अडवायला दात नाहीत. राधानगरी धरणाचे दरवाजे पाणी भरलं की आपोआप उघडतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे; बाळाच्या तोंडाला तर अजून दरवाजेच बसवलेले नाहीत.

आता दाताचा खरा वाटा. दात हिरडीतून वर सरकायला लागला की तिथे ठणकतं, शिवशिवतं. बाळ मूठ, चादर, तुमचा खांदा, हाताला लागेल ते चावत सुटतं. तोंडात काही आलं आणि हिरड्यांवर दाब पडला की मेंदूला ते अन्नच वाटतं आणि तो ग्रंथींना लाळ सोडायला लावतो. म्हणून प्रत्येक दाताच्या वेळी काही दिवस लाळ वाढते. दुधाचे दात वीस, ते पुरे व्हायला अडीच-तीन वर्षं लागतात. गळणं मात्र बहुतेकांचं दीड-दोन वर्षांत थांबतं, कारण तोवर गिळणं जमलेलं असतं.

ही लाळ वाया जात नाही. पिठूळ अन्न पचवणारा जो घटक लाळेत असतो, तो जन्मतः फार कमी असतो आणि पहिल्या सहा महिन्यांत वाढत जातो. म्हणजे उष्टावणाच्या सुमारास तोंडाची तयारी झालेली असते.

ताप आणि जुलाब मात्र दातावर ढकलू नका. अंग किंचित कोमट लागेल, पण 100.4 फॅरनहाइट किंवा त्यावर ताप गेला तर कारण दुसरं आहे. याच वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात जात असते. ‘दाताचे जुलाब’ म्हणून थांबून राहिलं की बाळ सुकतं.

हनुवटी आणि गळा लाल होतो त्यावर उपाय सोपा. पुसताना घासू नका, जुन्या मऊ सुती कापडाने टिपा. कोरडं झाल्यावर व्हॅसलीनचा पातळ थर लावा. झोपवताना लाळेरं काढून ठेवा, ते गळ्याला आवळू शकतं.

हिरडी शिवशिवत असेल तर हात धुऊन बोटाने हलकेच चोळा. फ्रिजमध्ये गार केलेलं ओलं, स्वच्छ कापड तुमच्या देखत चावायला द्या. बर्फासारखं गोठलेलं नको. खारीक देण्याची पद्धत आहे, पण तिचा तुकडा सुटून घशात अडकतो, म्हणून मी नको म्हणते. चांदीच्या खुळखुळ्याचंही तेच. हुपरीचं काम कितीही नाजूक असो, सैल घुंगरू तोंडात जाता कामा नये.

आणि टाकणखार मधात कालवून हिरड्यांना लावायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा, वाईटपणा आला तरी चालेल. टाकणखार पोटात गेला तर विषारी आहे, त्याने बाळांना झटके आलेले आहेत. मध तर वर्षाच्या आत बोटावरही नको. हिरडी बधिर करणारी जेलही मनाने आणू नका; त्यातल्या बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद क्वचित पण धोकादायक रीतीने घटते.

साडेचार महिन्यांच्या, हसत-खेळत दूध पिणाऱ्या बाळाची लाळ दाखवायला कुठे जायची गरज नाही. पण लाळ अचानक वाढली आणि बाळ दूध गिळेना, श्वासाला आवाज येतोय किंवा छाती आत ओढली जातेय असं दिसलं, तर घशात काही अडकलेलं असू शकतं किंवा घसा आतून सुजलेला असू शकतो. तेव्हा तोंडात बोट घालून चाचपत बसू नका, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या.